संख्या तेवढीच आहे

परिग्रह-परिमाण व्रत घेतलं त्या दिवशी माताजींनी मला एक वही करायला सांगितली. साधी शंभर पानी वही. घर किती, शेत किती, सोनं किती, भांडीकुंडी, कपडेलत्ते सगळं त्यात आकड्यांत लिहायचं, आणि त्यापुढे जायचं नाही. साड्यांपुढे मी २४ लिहिलं. माताजी हसल्या. म्हणाल्या, "तीर्थंकरांची संख्या साड्यांना लावलीस की गं!" मीही हसले. आकडा मात्र बदलला नाही. याला आता सोळा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत २४ च्या २५ कधी झाल्या नाहीत. याचा मला अभिमान होता. तो कसा उतरला ते सांगते.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतात, डेट्रॉइटजवळ. व्रतं घेताना दिग्व्रताची सीमा मी तेवढ्यासाठी तिथवर ओढून ठेवली होती, नाहीतर नातवंडांचं तोंड बघायचं कसं? (कुणी दिग्व्रतात गावची वेस लिहितं, हिनं अख्खी पृथ्वी लिहिली, असं आमची जाऊ अजून म्हणते.) गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा त्यांच्या दारात एक लांबलचक पांढरा डबा उभा होता. ट्रॅव्हल ट्रेलर. गाडीच्या मागं जोडून ओढत न्यायचं, चाकांवरचं घर. आत झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, न्हाणी, सगळं आहे. जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. असले ट्रेलर तिकडे बहुतेक शेजारच्या इंडियाना राज्यात, एल्कहार्ट गावाच्या आसपास बनतात म्हणे.

मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. प्रवासात आमच्यासारख्या बायकांचे हाल खाण्यापिण्याचे असतात. इथं आपली शेगडी, आपली भांडी, पाणी गाळून घ्यायला आपलं गाळणं. शिवाय जून महिन्यात त्या बाजूला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवस असताना जेवण उरकायचीही घाई नाही.

या ट्रेलरच्या छताला दोन गोल जाळ्या होत्या. त्यामागे स्पीकर. एका शनिवारी जावई स्टुलावर चढून जाळ्यांचे स्क्रू काढत होते आणि मी खाली टॉर्च धरून उभी. मान वर करून इतका वेळ छत मी आजवर फक्त किल्ल्यातल्या कमल बस्तीत बघितलंय. तिथं इसवी सन १२०४ च्या बस्तीचं दगडी कमळ डोक्यावर असतं. इथं दोन भोकं आणि त्यांतून लोंबणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक तारा.

"हे बघा आई," म्हणून त्यांनी जुना स्पीकर माझ्या हातात दिला. वजनच नाही. आतला शंकू कागदाचा, आणि दमट हवेनं तो एका बाजूला वाकलेला. मागचा चुंबक एवढासा. कंपनीवाले ट्रेलर बांधताना टाकायचा म्हणून टाकतात, ते म्हणाले. नवे आणले होते ते बोटीत बसवतात तसले, प्लास्टिकच्या शंकूचे, दमटपणा न लागणारे. पण घेतले आणि बसवले असं नसतं. ट्रेलरचं छत पातळ, त्यामुळे भोकाच्या आत किती जागा आहे ते आधी पट्टीनं मोजायचं. स्पीकर जास्त खोल निघाला तर चुंबक वरच्या छपराला टेकतो. किती ओहमचा घ्यायचा तेही बघायचं. ट्रेलरच्या रेडिओला झेपेल त्यापेक्षा कमी ओहमचा जोडला तर रेडिओ तापतो. जाळीखाली स्पंजची गोल पट्टी लावायची, म्हणजे लाकडाची फळी थरथरत नाही.

सगळं बसवून लावलं तर आवाज पहिल्यापेक्षा पोकळ. तबल्याचा डग्गा गायबच! जावयांनी कपाळाला हात लावला. एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या, प्लसच्या जागी मायनस. मग काय होतं, एकाचा शंकू पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात.

"आमच्या महिला मंडळासारखं," मी म्हटलं. आतून लेक हसली.

तारा सरळ केल्यावर मात्र ट्रेलर भरून गेला. मला वाटलं आता झालं. पण ते म्हणाले, या स्पीकरचा पुरता उपयोग करायचा तर रेडिओची ताकद कमी पडते, छोटा अॅम्प्लिफायर लागेल. अॅम्प्लिफायर आला की बॅटरी लवकर उतरते, म्हणजे दुसरी बॅटरी. आणि बॅटरी भरायला छपरावर सोलर. ते हे सगळं हसत सांगत होते, मी टॉर्च बंद केला.

"जुने वाजत नव्हते का हो?"

"वाजत होते की."

"मग?"

"चांगले वाजत नव्हते."

"चांगलं म्हणजे किती?"

आमचे जावई सांगलीकडचे, पाठशाळेत शिकलेले. त्यांना माझा प्रश्न कुठून येतोय ते कळलं. स्टुलावरून उतरून हात पुसत म्हणाले, "आई, तुमच्या वहीच्या हिशेबानं बघा. छतात दोन होते, आता दोनच आहेत. संख्या तेवढीच आहे. मग परिग्रह वाढला कुठं?"

मला उत्तर सुचलं नाही. लेक आतून म्हणाली, "आई, आज तुला कुणीतरी भेटलं बघ!"

त्या रात्री झोप येईना. त्यांना काय उत्तर द्यावं याचा विचार करता करता माझं मन माझ्याच कपाटात गेलं. दर दशलक्षणाला मी एक जुनी साडी कामवाल्या बाईंना देते आणि एक नवी घेते. आकडा कायम. पण सोळा वर्षांपूर्वी त्या चोवीसांत सुती किती होत्या? एकोणीस-वीस तरी. आज? मी बोटं मोजली. चार. बाकी ईरकलच्या रेशमी, दोन गढवाल, लेकीच्या लग्नातली पैठणी आणि तिच्या जोडीला मागाहून आलेली दुसरी. दर वर्षी एक सूत बाहेर आणि एक रेशीम आत. वहीत फक्त २४. किंमत लिहायला माताजींनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. वर जी साडी दिली ती दानाच्या खात्यावर मांडत होते. जागा करायला काढलेली साडी दान होते का, हा प्रश्न मला सोळा वर्षांत पडला नव्हता. तुमच्यापैकी ज्यांनी हे व्रत घेतलंय त्यांनी एकदा कपाट उघडून बघा. मी तुम्हाला टोचून बोलत नाही, माझं आधी टोचून झालंय.

आपल्या आचार्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या मोजदादीत केलीच नाही, मूर्च्छा म्हणजे परिग्रह असं सांगितलं. गुंतलेलं मन. आकडा पुढं श्रावकांच्या सोयीसाठी आला, आणि सोय झाली की पळवाटही होते. श्वेतांबर आचार्य हेमचंद्रांचं योगशास्त्र बाराव्या शतकातलं. त्यांनी परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगताना ही पळवाट नेमकी पकडली आहे. दोन शेतांमधलं कुंपण काढून टाकायचं आणि एकच शेत म्हणायचं. भांड्यांचा आकडा भरला की तीच भांडी मोडून जड, मोठी करून घ्यायची, नग तेवढेच ठेवायचे. हे वाचलं होतं मी, पाठशाळेत मुलींना शिकवलंही होतं. शिकवताना डोळ्यांपुढं कुणीतरी गुजरातेतला जुना व्यापारी असायचा, त्याच्या जागी ईरकल नेसलेली बाई कधी आली नाही.

सकाळी चहा घेताना हे सगळं मी जावयांना सांगणार होते, साड्यांसकट. म्हणजे मी हरले ते खरं, पण तुम्हीही जिंकला नाहीत, असं. त्याआधीच ते म्हणाले, "आई, तुम्हाला एक ऐकवायचंय. बसा."

त्यांचे वडील, म्हणजे माझे व्याही, जाऊन सहा वर्षं झाली. ते पहाटे भक्तामर म्हणायचे, खड्या आवाजात. कुणीतरी कधीतरी ते कॅसेटवर घेतलं होतं, जावयांनी ती कॅसेट फोनवर उतरवून घेतली होती. ट्रेलरमध्ये लावली. जुन्या स्पीकरवर लेकीनं मला हे एकदा ऐकवलं होतं, तेव्हा डब्यात कुणीतरी बोलतंय असं वाटलं होतं. आता व्याही समोर बसून म्हणत होते. दोन श्लोकांच्या मधे ते खाकरले, मागं कुठंतरी तांब्या ठेवल्याचा आवाज आला, आणि एक पोर रडलं. "तो मी," जावई म्हणाले.

मी साड्यांचं काही बोलले नाही.

आता सांगा, हे काय म्हणायचं? वडिलांचा खाकरण्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून दीडशे डॉलरचे स्पीकर घेतले, ही गरज की मूर्च्छा? शास्त्राच्या कसोटीवर मूर्च्छाच ती. कागदाच्या स्पीकरवरही शब्द तेच होते, स्तोत्र तेच होतं. जास्तीचं जे मिळालं ते सगळं मोहाचं. पण हे मला त्यांच्या तोंडावर म्हणवलं नाही, आणि आजही म्हणवत नाही. माझ्या रेशमी साड्यांची मूर्च्छा आणि त्यांच्या या स्पीकरची मूर्च्छा एकाच वजनाची आहे असं कुणी मला सांगितलं तर मी मान डोलवीन, पण पटणार नाही. एवढं कळलं की बाहेरून नग मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. वाढलेला मोहही नाही आणि त्यातली माणुसकीही नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तो ट्रेलर घेऊन मिशिगन सरोवराच्या काठी गेलो. स्लीपिंग बेअर ड्यून्स नावाचा राष्ट्रीय सरोवरकाठ (नॅशनल लेकशोर) आहे, वाळूच्या प्रचंड टेकड्यांचा. तिथल्या मूळ लोकांची कथा आहे, एक अस्वलीण दोन पिल्लांसकट सरोवर पोहून आली, पिल्लं मागं राहिली, आणि ती काठावर त्यांची वाट बघत झोपली ती अजून झोपलीच आहे. मला ती कथा लेकीनं सांगितली आणि मी लगेच म्हटलं, ही तर आम्हा सगळ्या विमानतळावर बसणाऱ्या आयांची गोष्ट.

कॅम्पच्या जागेत झाडांच्या मधे एकेक ट्रेलर लावायचा. प्रवेशापाशी दिलेल्या कागदावर नियम. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. आणि दिवसासुद्धा आवाजाला मर्यादा आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमात ५० फुटांवरून मोजलेला ६० डेसिबलचा आकडा दिलेला आहे, असं जावयांनी सांगितलं. ५० फूट म्हणजे शेजारचा ट्रेलर.

मी पहाटे पाचला उठते, कुठंही असले तरी. प्रवासात देशव्रताचा माझा एक नेम असतो, ऊन वर येईपर्यंत राहत्या जागेच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. तसा त्या दिवशी मनात नेम केला, ट्रेलरच्या पायरीखाली उतरायचं नाही. सगळे झोपलेले. जावयांनी मला व्याह्यांचं भक्तामर कसं लावायचं ते दाखवून ठेवलं होतं. मी अंधारात चाचपडत रेडिओचं बटन दाबलं. त्या रेडिओला दोन बटनं आहेत, ए आणि बी. ए म्हणजे आतले स्पीकर. बी म्हणजे बाहेरचे, ट्रेलरच्या अंगावर बसवलेले, अंगणात बसून गाणी ऐकायला. माझ्या बोटाखाली दोन्ही आली. शिवाय आदल्या संध्याकाळी नातवाचा सिनेमा चालला होता, आवाज तेव्हाचाच.

आत इतका मोठा आवाज झाला की मी गडबडून आतलं तेवढं बटन कसंबसं दाबलं. आतले स्पीकर गप्प झाले. मला वाटलं बंद झालं. चटई टाकून बसले. कुठूनतरी व्याह्यांचा आवाज येतच होता, पण दबलेला, आणि खरं सांगते, मला तो गोड वाटला. जणू बाहेर झाडांत कुणी म्हणतंय. लेक धावत येऊन रेडिओ बंद करेपर्यंत चार-पाच मिनिटं तरी गेली असतील.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर एक तरुण मुलगा, अनवाणी, खांद्यावर तान्हं बाळ. बाळ भोकाड पसरून रडत होतं. तो रागावला नव्हता, रागावण्याइतकी त्याच्यात शक्तीच उरली नव्हती. एकच शब्द म्हणाला, "प्लीज." जावई खाली उतरून त्याची माफी मागत राहिले. मी पायरीच्या आत उभी. माझा नेम होता ना, पायरीखाली उतरायचं नाही!

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाच हवं, नाहीतर हा लेख लिहून उपयोग नाही. मनात आलं, देवाचं नाव आहे, बाळाच्या कानावर पडलं तर पुण्यच लागेल. हे वाक्य माझं आधी कुठंतरी बोलून झालंय, हे दुसऱ्याच क्षणी आठवलं.

बेळगावात आमच्या गल्लीतल्या बस्तीवर दोन भोंगे आहेत. चातुर्मासात सकाळी त्यांवरून अभिषेक, पूजा, प्रवचन. आठ-नऊ वर्षांपूर्वी समोरच्या भाड्याच्या घरात राहणारी एक बाई मंडळाकडे आली होती. तिचा नवरा उद्यमबागेत फौंड्रीत रात्रपाळीला, सातला घरी येऊन झोपायचा. तिनं एवढंच विचारलं की भोंगा दुसरीकडं वळवता येईल का. मी तेव्हा मंडळाची सेक्रेटरी. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सरकारचा २००० सालचा नियम रात्री १० ते सकाळी ६ चा आहे, आम्ही सव्वासहाला लावतो, तेव्हा नियमात आहोत. आणि दुसरी, ती पुण्याची. ती बाई काही बोलली नाही. पदरानं तोंड पुसून गेली. मला वाटलं, समजलं तिला.

दशलक्षणात तत्त्वार्थसूत्र दर वर्षी वाचतो आपण. सातव्या अध्यायात देशव्रताचे अतिचार येतात, त्यांत एक शब्दानुपात आहे. आपण आखलेल्या सीमेच्या आत बसायचं आणि आवाज सीमेबाहेर पाठवायचा. त्याचा शास्त्रातला अर्थ ठरलेला आहे, बाहेरच्या माणसाला खोकून, हाक मारून आपलं काम करून घेणं. माझ्या मनात तसला इशारा नव्हता, हे खरं. कुणी विद्वान म्हणेल की बाई, तुझा तो शब्दानुपात नव्हेच, तुझा तो प्रमाद, अनर्थदंडात जातो. जाऊ दे. मला त्या पहाटे हेच नाव सुचलं आणि तेच बरोबर वाटतं. पाय पायरीच्या आत, आणि आवाज मात्र त्या बाळाच्या पाळण्यापाशी जाऊन उभा. साडीचा परिग्रह माझ्या कपाटात तरी राहतो. आवाज ठेवायला माझ्याकडं जागाच नसते, तो दुसऱ्याच्याच घरात ठेवावा लागतो. आणि स्पीकर जितका चांगला, तितकी त्याच्या घरातली जास्त जागा माझी. सव्वासहा वाजले होते की पाच, याचा त्या झोपलेल्या माणसाला काय उपयोग? तिथंही मी संख्याच मोजत होते.

जावयांनी त्या दिवसापासून बी बटनावर चिकटपट्टी लावली. त्यावर लेकीनं पेनानं लिहिलं, 'आई, हे नको'. अॅम्प्लिफायरचं पुढं काय झालं विचाराल तर, घेतला. छोटा. मी काही म्हटलं नाही. साड्यांची गोष्ट मात्र परतायच्या आदल्या रात्री त्यांना सांगितली. ते खूप वेळ हसले आणि मग म्हणाले, "मग आता वहीत किंमत पण लिहिणार?" मी म्हटलं, बघू. अजून लिहिलेली नाही. यंदा दशलक्षणाला साडी घेतली नाही एवढं झालंय. कामवाल्या बाईंना रेशमी द्यायला काढली तर त्याच म्हणाल्या, "ही मी कुठं नेसू अक्का, सुतीच द्या की." आता सुती चारातल्या तीन उरल्या.

बेळगावला आल्यावर त्या समोरच्या घरी गेले. ते कुटुंब तिथून कधीच गेलंय. आता राहणाऱ्यांना त्यांचं नाव माहीत नाही, घरमालकाला आठवत नाही. मंडळाच्या मीटिंगमध्ये भोंग्यांचा विषय काढला. दीड तास चालली. भोंगे काढा म्हणणारी मी एकटी. कुणी म्हणालं, अमेरिकेला जाऊन आल्यापासून हिला आवाज सोसवत नाही. कुणी माझंच जुनं वाक्य मला ऐकवलं, नियमात आहोत. शेवटी एक भोंगा आत, अंगणाच्या बाजूला वळवायचं ठरलं, आणि तो दुसऱ्या दिवशी वळवलाही. गल्लीकडचा तसाच आहे. पुढची मीटिंग चातुर्मासाआधी आहे.